मरियामातेचा डावा हात

देव फार धीराचा आहे, असं आमच्या घरात रोज सांगितलं जायचं, आणि सांगणारी माझी आई कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंतसुद्धा थांबत नसे. दुसऱ्या शिट्टीला गॅस बंद. आम्ही सगळे टचटचीत डाळ खाऊन मोठे झालो. बाबा जेवताना म्हणायचे, "देवानं जग करायला सहा दिवस घेतले. तुझ्या आईकडं दिलं असतं तर मंगळवारीच उरकलं असतं." बाबा आता नाहीत, पण डाळ अजून तशीच होते.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की आमचं गाव. चर्चच्या मागे आम्हा ख्रिस्ती लोकांची आळी. आमच्यात प्रार्थना मराठीत होतात आणि भांडणं घरच्या बोलीत, जिच्यात निम्मे शब्द पोर्तुगीज आहेत. बाहेरून बदलून आलेल्या फादरांना यातलं पहिलंच तेवढं कळतं, त्यामुळे आम्ही फार भाविक आहोत असा त्यांचा वर्षानुवर्षं समज आहे. तो मोडायची कुणाला गरज वाटलेली नाही.

या आळीचं पश्चात्तापाचं खातं आईकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, तिनं घेतलं होतं. जपमाळ तीच सुरू करणार, गाणं तीच उचलणार, आणि राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की तिच्या अंगातच यायचं. पुढचे चाळीस दिवस, ईस्टरपर्यंतचा सगळा उपवासकाळ, आळीतल्या कुणाची सुटका नसे. कोपऱ्यावरच्या घरात एक गडी राहायचा, रोज संध्याकाळी पिऊन यायचा आणि पायरीवर बसून समुद्राला शिव्या द्यायचा. आई त्याला गाठायची. "अरे, देव वाट बघतोय तुझी. किती बघायची त्यानं? त्याला दुसरी कामं न्हायत काय?" तो शांतपणे म्हणायचा, "काकी, तो थांबलाय ना? मग तू कशाला घाई करतेस?" आई घरी येऊन त्याच्यासाठी जास्तीची एक जपमाळ म्हणायची.

मी स्वतः सणावारी चर्चला मिस्साला जाते आणि मागच्या बाकावर बसते, कारण पंखा तिथे आहे. अलिबागला नोकरी, रोजचं येणं-जाणं, घरी आई आणि मी. देवाशी माझं वाकडं नाही. पण त्याच्या धीराचं एवढं कौतुक ऐकत वाढले की मला त्याचा रागच यायला लागला होता. ज्याला कुठे जायचं नाही, ज्याला म्हातारपण नाही, त्याला थांबायला काय जातंय?

आता मूळ गोष्ट. ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. चर्चमधली मरियामातेची मूर्ती महिनाभर आळीत फिरते, एका घरी एक दिवस. संध्याकाळी मेणबत्त्या लावून, गाणी म्हणत तिला एका घरून दुसऱ्या घरी न्यायचं, तिथे जपमाळ म्हणायची, मग उकडलेले चणे वाटायचे. ऐकायला सगळं भक्तीचं. प्रत्यक्षात ती आळीतल्या बायकांची स्पर्धा असते. कुणाचे पडदे धुतलेले, कुणाच्या दिव्यांची माळ जास्त लुकलुकते, कुणी चण्यात खोबरं घातलं आणि कुणी नुसत्या मिठावर भागवलं, हे वर्षभर लक्षात राहतं. मूर्ती प्लास्टरची, हातभर उंचीची, दोन्ही हात पुढे पसरलेली. बघणाऱ्यांना ते हात "या लेकरांनो" म्हणताना दिसतात. मला ते "आता मी काय करू?" असं म्हणताना दिसायचे.

आमच्या घरानंतर मूर्ती जायची ती पलीकडच्या मावशीकडे. ही सख्खी मावशी नव्हे, शेजारीण. तिचं आणि आमचं कुंपण एक, विहीर एक. ती आणि आई एकाच वर्षी या आळीत लग्न होऊन आल्या. मावशी अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी, आणि मासे खाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बांगडा ताटात आला की ती बोलणं बंद करायची. तेवढाच काय तो आळीला विसावा.

मी कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहायची, तेव्हाची ही गोष्ट. सुट्टीला घरी आले तर आळीत कुजबूज. आमच्याकडून मूर्ती मावशीकडे गेली, आईनं जपमाळ सुरू केली, तिसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे माळेच्या पाचातल्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत, सगळं नीट चाललं होतं, आणि तेवढ्यात मरियामातेचा डावा हात मनगटापासून निखळला आणि खाली ठेवलेल्या चण्यांच्या पातेल्यात पडला. सगळी आळी गुडघ्यावर होती, ती तशीच थिजली. कुणीतरी किंचाळलं. मावशीनं छाती पिटायला सुरुवात केली.

तिला कारण होतं. त्याच पावसाळ्यात तिची सासू गेली होती. म्हातारीला वारा मारला होता, डावी बाजू लुळी. अंथरुणात पडल्या पडल्या सुकटीची चटणी मागायची, डॉक्टरांनी बंद केलेली. दिवसभर मागायची. एक दिवस मावशीचं डोकं फिरलं आणि ती म्हणाली, "मर एकदाची!" म्हातारीनं आठवड्याच्या आत ऐकलं. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी मरियामातेचा डावा हात, नेमका डावा, आळीतल्या इतक्या घरांतून मावशीच्याच घरात गळून पडला. आणखी काय पुरावा पाहिजे?

मूर्ती मुंबईहून दुरुस्त होऊन आली. नवा हात बाकीच्या अंगापेक्षा जरा गोरा आला, पण ते चालून गेलं. मावशीचं मात्र चाललं नाही. तिनं मासे सोडले. कायमचे सोडले. आमच्या किनाऱ्यावर माणूस नवरा सोडेल, घर सोडेल, मासे सोडणार नाही. ती घरच्यांसाठी कालवण करायची आणि स्वतः वरण ओढायची. पुढच्या ऑक्टोबरपासून मूर्तीही घरात घेईना. "माझ्या घरी नको. माउलीला सोसत न्हाय." म्हणून दरवर्षी मूर्ती आमच्याकडून निघायची ती मावशीचं घर टाकून पुढे जायची, आणि मावशी कुंपणापाशी पदर डोक्यावर घेऊन उभी असायची.

कन्फेशनला ती दर महिन्याला जायची, तेच एक पाप घेऊन. फादर पापक्षमा देत, हिचा विश्वास बसत नसे, पुढच्या महिन्यात परत हजर. फादर बदलत गेले, पाप तेच राहिलं. नवा फादर आला की आधीचा त्याच्या हातात चर्चच्या चाव्या देत असेल आणि म्हणत असेल, "एक बाई येईल सासूबद्दल सांगायला. ऐकून घे."

आळीनं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही, आम्ही चांगली माणसं आहोत. आम्ही फक्त तिची म्हण करून टाकली. नवी सून जरा उलट बोलली की सासवा म्हणायच्या, "बघ हां, पलीकडच्या मावशीसारखं व्हईल." हे मावशीच्या समोर म्हटलं जायचं नाही, पण आमच्या आळीत कुणाच्या मागे बोललेलं कुणाच्या कानावर गेलं नाही असं कधी झालेलं नाही.

आई तेवढी असं काही म्हणायची नाही. उलट दर शुक्रवारी मावशीकडे भाजी पाठवायची, वालाची, फणसाची, जी काही चांगली असेल ती. मला वाटायचं, खडूस असली तरी आई मनानं मऊ आहे. मी हे लोकांना कौतुकानं सांगायचेसुद्धा. माणसाला अक्कल उशिरा येते.

यंदा उपवासकाळ लागला तेव्हाच कळलं होतं की मावशी गाव सोडणार. तिचा मुलगा कंटेनरच्या धंद्यात आहे, पनवेलला फ्लॅट घेतलाय. मावशीला इथे एकटीला ठेवत नाही म्हणाला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सामान न्यायला टेम्पो येणार, घराला कुलूप लागणार.

ईस्टरच्या आधी चर्चमध्ये कन्फेशनची एक संध्याकाळ असते. त्यासाठी बाहेरगावचे फादर मुद्दाम बोलावतात, कारण रोज ज्याला बाजारात भेटायचं त्याला पापं सांगायला माणूस लाजतो. आलेल्या फादरांनी आधी प्रवचन दिलं. देव धीराचा आहे, तो दार उघडं ठेवून आपली वाट बघत बसलाय, वगैरे. मी मागे पंख्याखाली बसून विचार करत होते की आमच्याकडे दार उघडं ठेवलं तर मांजर आत येतं आणि बोंबील घेऊन जातं. मग लोक रांगेत उभे राहिले. आई नेहमीप्रमाणे पहिली.

नेहमी ती दोन मिनिटांत बाहेर येते. या वेळी रांग चुळबूळ करायला लागली, कोपऱ्यावरच्या गड्यानं घड्याळ बघितलं, तरी आई आतच. शेवटी बाहेर आली ती तोंड पाडून. बाकावर गुडघे टेकून प्रायश्चित्ताची प्रार्थना म्हणतात, तेही तिनं केलं नाही. सरळ चपला घालून घरी.

घरी आले तर ती ओट्यापाशी नारळ खवत होती. इतक्या जोरात, की करवंटीसकट खवेल असं वाटलं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "हल्लीच्या फादरांना काय शिकवतात का न्हाय तिकडं? पन्नास जपमाळा सांगितल्या असत्या तर केल्या असत्या. गुडघ्यांवर चर्चला फेरी घालायला सांगितली असती तर घातली असती. हा म्हणतो, जा आणि तिला सांग!"

"कुणाला?"

नारळ थांबला. मग तिनं सांगितलं.

त्या वर्षी मूर्ती आमच्या घरी आली ती काजळी धरून आली होती. आधीच्या घरात मेणबत्त्या फार लावल्या होत्या. अशी काळवंडलेली मूर्ती पुढे पाठवली तर नाव आपलं जाणार, म्हणून आईनं मरियामातेला मोरीत उभी करून शाम्पू लावून अंघोळ घातली. ओली मूर्ती हातातून निसटली, नळाला आपटली, आणि डावा हात मनगटापासून तुटला. संध्याकाळ होत आली होती. आईनं शिजलेला भात कुस्करून त्याची खळ केली, लहानपणी आम्ही पतंगाला लावायचो तशी, हात चिकटवला, वर मनगटाला अबोलीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, गुंडाळला आणि मूर्ती मावशीकडे रवाना केली. मेणबत्त्यांची ऊब, माणसांची गर्दी, ऑक्टोबरचा उकाडा. खळीनं तिसऱ्या रहस्यापर्यंत दम धरला हेच खूप झालं.

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? सगळ्यांसमोर पडला. मी म्हटलं, उद्या सांगीन. उद्या ती सासूचं घेऊन बसली. मग कसं सांगायचं?"

"इतकी वर्षं कन्फेशनला काय सांगत होतीस मग?"

तिनं खोबऱ्याचं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "एका वस्तूचं नुकसान केलं आणि लपवलं, असं."

वस्तू! इतक्या फादरांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं की कुठली वस्तू. प्रत्येकानं तीन नमो मरिया सांगून तिची बोळवण केली होती. म्हणजे मरियामातेचा हात मोडला म्हणून मरियामातेलाच तीन नमस्कार. या बाहेरगावच्या फादरानं तेवढं विचारलं, "कुठली वस्तू, बाई?" आणि आईचं वीसेक वर्षांचं बांधकाम खाली आलं.

मला इतका राग आला की मी ओरडले. "ती बाई बांगडा खात नाही, आई! सुनांना तिची भीती घालतात. आणि तू तिला फणसाची भाजी पाठवतेस?"

"मी तिला काय म्हटलं व्हतं का? तिचं तिनं ओढवून घेतलं." आणि मग, हे मी विसरणार नाही, आई म्हणाली, "देव एवढी वर्षं थांबलाय, तर तू कशाला माझ्यामागे लागतेस?"

"देवाला वेळ आहे," मी म्हटलं. "मावशी सोमवारी चाललीय."

पुढचे दिवस आईनं जे केलं त्याला तिच्या भाषेत देवाचा अंत पाहणं म्हणतात. रोज मावशीकडे जायची आणि न सांगता यायची. एकदा भाजीचं निमित्त, एकदा कापूर मागायला, एकदा मावशीचे पडदे काढू लागायला. परत आली की मी नुसती भुवई वर करायचे आणि ती म्हणायची, "तिची सून आली व्हती सामान बांधायला." किंवा, "तिचे गुडघे दुखतायत, आज नको." गुड फ्रायडे उजाडला. त्या दिवशी चर्चची घंटाही वाजवत नाहीत, आळी सगळी चिडीचूप. दुपारी मी आईचा दंड धरला आणि तिला कुंपणातून पलीकडे नेलं. कुणाला ओढत देवाकडे न्यायची माझी ही पहिलीच वेळ.

मावशी जमिनीवर बसून काचेच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. आई दारात उभी.

"मला तुला काय तरी सांगायचं हाय."

"सांग की. बस आधी."

"बसून सांगायचं न्हाय."

"मग उभ्यानं सांग. मला कामं हायत."

आईनं एका दमात सांगून टाकलं. मोरी, शाम्पू, नळ, खळ, वळेसर. मावशीचे हात थांबले नाहीत. बशी गुंडाळून झाली, ती खोक्यात ठेवली, कोपरा नीट दाबला. मग तिनं विचारलं, "कुठल्या भाताची?"

"ऊं?"

"खळ. रेशनच्या भाताची का घरच्या?"

"घरच्या."

"तरीच मुंग्या व्हत्या," मावशी म्हणाली. "मी बघितल्या व्हत्या हातावर. मला वाटलं, देव शिक्षा करताना मुंग्या पण पाठवीत असंल."

मला हसू फुटणार होतं, पण मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जिरलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. एवढी दांडगी बाई, पण आवाज एकदम बारीक आला. "मी बांगडा न्हाय गो खाल्ला. एकदापण न्हाय. पोराच्या लग्नातपण न्हाय."

आई रडायला लागली. "मला माफ कर."

"न्हाय," मावशी म्हणाली.

आईनं डोळे पुसायचे थांबवले. हे उत्तर तिच्या धर्मशिक्षणात नव्हतं.

"सासूला मी मर म्हटलं, ते माझं हाय," मावशी म्हणाली. "ते तू नको घेऊस. त्याचं मी देवाशी बघीन. पण हात तुझा हाय. तो तू ने तुझ्या घरी."

"देव तर म्हणतो—"

"देवाचं नाव काढू नकोस. त्याला धीर हाय. त्याला कुठं मासं खायचं असतं?"

खरं तर येशूनं पुनरुत्थान झाल्यावर शिष्यांसमोर मासाच खाल्ला होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"करीन माफ," मावशी म्हणाली, "कधीतरी. आज मला राग आलाय. एवढ्या वर्षांचा एकदम आलाय, तर येऊ दे. तू थांब. तुला ठावं हाय ना, थांबतात कसं? सगळ्यांना सांगत असतेस." आणि दुसरी बशी उचलत ती म्हणाली, "आणि मला एकटीला सांगून काय उपेग? हात पडला तेव्हा मी एकटी व्हते? आख्खी आळी व्हती."

ईस्टरच्या संध्याकाळी आळीच्या तोंडाशी क्रुसापाशी सगळे जमले, मावशीला निरोप द्यायला. प्रार्थना आईच सांगणार होती. मावशी क्रुसाजवळ स्टुलावर बसली होती. आईनं क्रुसाची खूण केली आणि प्रार्थनेऐवजी ती गोष्ट सांगायला लागली. तिचा आवाज सुरुवातीला इतका लहान होता की मागचे ओरडले, "मोठ्यानं!" तिला मोरीपासून परत सुरू करावं लागलं. मला तिची दया आली. आयुष्यभर जिनं आळीला पापं विचारली, ती आज आळीसमोर उभी होती.

भाताच्या खळीपर्यंत आली आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळी आळी. कोपऱ्यावरचा गडी पोट धरून खाली बसला. "काकीनं माउलीला शाम्पू लावला!" बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. एकीनं आईला मिठीच मारली, "अगो, एवढंच ना? त्यात काय!" पाच मिनिटांत सगळ्यांनी तिला माफ करून टाकलं. कुणाचं काही गेलं नव्हतं, मग माफ करायला काय लागतंय? सुनांना भीती घालणाऱ्या सासवा सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या. मला एकेकीला धरून समुद्रात लोटावंसं वाटलं.

आईसुद्धा सुटल्यासारखी हसायला लागली. मग तिची नजर स्टुलाकडे गेली. मावशी हसत नव्हती. आईचं हसू बंद झालं. मावशी उठली, स्टूल उचललं आणि घरी गेली. सोमवारी टेम्पो आला. मावशी टेम्पोत बसत होती तेव्हा आई तिला म्हणाली, "भेटायला येऊ?"

"रस्ता काय माझ्या बापाचा हाय?" मावशी म्हणाली. म्हणजे ये.

आई पंधरा दिवसांनी पनवेलला गेली. पहाटे उठून बांगडे तळले, डब्यात भरले, रिक्षानं अलिबाग आणि तिथून एसटी. संध्याकाळी परत आली तर डबा जसाच्या तसा. मावशीनं चहा दिला, गुडघ्यांचं सांगितलं, सुनेच्या तक्रारी सांगितल्या, आणि निघताना डबा हातात परत दिला. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तळलेल्याऐवजी कालवण नेलं, ते एसटीत सांडलं आणि कंडक्टरनं आईला शेवटच्या सीटवर बसवलं. मी म्हटलं, "पुरे आता. देवसुद्धा कुणामागे इतका लागत नाही."

आईनं मला प्रवचन दिलं नाही. ती डबा घासत होती. "मी काय मागत न्हाय तिच्याकडं," म्हणाली. "घेऊन जाते. ती न्हाय म्हणते. मी परत येते. येवढंच तर हाय."

लहानपणापासून देवाचा धीर, देवाचा धीर ऐकत आले, आणि तो कसा दिसतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं. आता दर पंधरवड्याला दिसायचा, सांडू नये म्हणून मांडीवर डबा घट्ट धरून एसटीत बसलेला. मी नास्तिक व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात हे. आईचे पाय सुजायचे. मला तिचा अभिमान वाटायचा आणि मी तिला तो अजून सांगितलेला नाही.

पावसाळ्यात होड्या बंद झाल्या, बांगडा मिळेना, तेव्हा तिनं वाळवलेले बोंबील नेले. तेही परत आले. नारळी पौर्णिमा झाली, कोळ्यांच्या होड्या बाहेर पडल्या, ताजा बांगडा आला. आई गेली. त्या दिवशी रिकाम्या हातानं परत आली.

"डबा?"

"राहिला तिकडंच. सून ओट्यावर घेऊन गेली, मी मागितला न्हाय." आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तिनं खाल्लं का सुनेनं खाल्लं, ते मला विचारू नकोस. मी विचारलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आईला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. पलीकडून मावशीचा आवाज, तोच जुना, आळीभर जाणारा. कशी आहेस नाही, काय करतेस नाही.

"बांगड्याला मीठ जास्त झालंय," मावशी म्हणाली. "हळद कमी. आणि एवढं लाल कशाला तळतेस? पुढच्या वेळी जरा बघून कर." आणि फोन ठेवला.

आमच्या आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवून आजवर कुणी सुखानं राहिलेलं नाही. बाबांनी एकदा आमटीला आंबट म्हटलं, तर त्यांना आठवडाभर आमटी मिळाली नव्हती. ती फोनकडे बघत बसली. मी परसात गेले आणि विहिरीच्या कठड्याला टेकून रडून घेतलं. परत आले तर आई घरात नव्हती. चपलासुद्धा न घालता ती आळीत उतरली होती, दारादारांत थांबत होती, आणि जो भेटेल त्याला हात धरून सांगत होती, "ऐकलंस काय? माझ्या बांगड्याला मीठ जास्त झालं!"